गोकुळाचा चकवा

लालसूने पाणी घेतलं नाही, तेव्हाच मला कळलं.

तेंदूपत्त्याचा हंगाम होता. मे महिना, साल पंच्याऐंशी. माझी बायको गोकुळा गावच्या बायांबरोबर जंगलात पानं तोडायला गेली होती. बाकीच्या बाया परत आल्या, ती आली नाही. गावची माणसं तीन दिवस तिला शोधत होती. त्या दुपारी डबे वाजवून आणि हाका मारून आमची तुकडी परत आली आणि माझ्या अंगणात लिंबाखाली बसली. माझा मुलगा नागसेन ऊर्जानगरच्या वीज केंद्रात नोकरीला आहे. तो आदल्या दिवशी आला होता, आणि माठातलं पाणी सगळ्यांना देत होता. तेवढ्यात शेजारच्या टोल्यावरचा, म्हणजे पाड्यावरचा, लालसू गोंड कुंपणापाशी येऊन उभा राहिला. नागसेनने त्याच्यापुढे गडवा धरला. लालसूचे ओठ सुकलेले होते, पण त्याने हात पुढे केला नाही. आमच्याकडे मरणाची खबर आणणारा माणूस ती सांगितल्याशिवाय पाणी पीत नाही.

मी चप्पल घातली आणि विचारलं, "कुठी?"

"टेकडीच्या मांगं, बेहड्याखाली," लालसू म्हणाला. "बसून आहे."

'बसून आहे' हे ऐकून नागसेनने गडवा काठोकाठ भरला आणि तो घेऊन निघाला. त्याला कळलं नव्हतं. मी त्याच्या हातातून गडवा घेतला आणि लालसूला दिला. लालसू प्यायला. ते बघून नागसेन जागच्या जागी खाली बसला.

गोकुळा बुंध्याला टेकून बसली होती. पाय समोर, हात मांडीवर. पानांचं गाठोडं शेजारी नीट ठेवलेलं. ऊन लागून गेली होती हे बघताच कळत होतं, डॉक्टरांनीही पुढे तेच सांगितलं. पण सोबत आलेल्यांच्या नजरा तिच्या कपड्यांवर होत्या. पोलकं उलटं घातलेलं होतं, शिवण बाहेर. लुगडंही उलटं नेसलेलं. डावी चप्पल उजव्या पायात आणि उजवी डाव्या पायात.

पोलीस पाटलाने कळवल्यावर जमादार आला. तो या भागात नवीन होता. त्याने कपडे बघितले, आम्हा बापलेकांकडे बघितलं आणि विचारलं, बाईचं डोकं ठिकाणावर होतं का? मी तिच्याजवळ बसलो होतो, तिच्या तोंडावरच्या माशा हाकत होतो. उत्तर नागसेनने दिलं. तो म्हणाला, वर्षभरापासून आई विसरायला लागली होती, एकटीच बोलायची. यात खोटं काही नव्हतं. ती वरणात दोनदा मीठ टाकायची. कोंबड्यांशी बोलायची, पण कोंबड्यांशी ती लग्न झाल्यापासूनच बोलत होती. जमादाराने लिहून घेतलं आणि वाचून दाखवलं: सदर महिला भ्रमिष्ट अवस्थेत भटकत जाऊन... पुढचं मी ऐकलं नाही.

तो शब्द आमच्याकडे बोलत नाहीत. माती देऊन घरी आल्यावर मी नागसेनला त्याचा अर्थ विचारला.

तो म्हणाला, "डोक्यात गोंधळ झालेला माणूस, बाबा. आपण काय करतो हे ज्याला कळत नाही तो."

"म्हणजे येडी."

"आजारी."

"तुही माय येडी नव्हती," मी म्हणालो.

तो उठून माठ भरायला गेला.

गावात मात्र कोणालाच कोडं पडलं नव्हतं. गोकुळाला चकवा लागला, असं सगळे म्हणाले. आमच्या भागातल्या माणसाला चकवा समजावून सांगावा लागत नाही. दुसऱ्यांसाठी सांगतो. रोजच्या जंगलात, रोजच्या पायवाटेवर माणूस एकाएकी हरवतो. गाव कोणत्या अंगाला, नाला कोणत्या अंगाला, काही समजत नाही. तो चालत राहतो आणि फिरून फिरून त्याच झाडापाशी येतो. कोणी म्हणतात हे भुताचं काम. कोणी म्हणतात भुलनवेल म्हणून एक वेल असते, तिच्यावर पाय पडला की असं होतं. आणि जुनी रीत अशी की आपल्याला चकवा लागला हे ध्यानात आलं की अंगावरचे कपडे काढून उलटे घालायचे आणि चपला अदलून घालायच्या. मग चकवा सुटतो.

म्हणजे गोकुळाने रीत पाळली होती, एवढंच. जमादाराला रीत माहीत नव्हती. हे मी नागसेनला सांगितलं तेव्हा मला वाटलं, विषय संपला. पण त्याचं तोंड आणखी उतरलं.

त्याचं म्हणणं मी इथे नीट मांडतो, कारण ते वेडंवाकडं नव्हतं. आम्ही छप्पन सालापासून बौद्ध आहोत. भूत, देव, अंगारा, सगळं सोडलं ते शपथ घेऊन सोडलं. आणि आमच्या घरात ते सोडायला लावलं गोकुळानेच. ती तेव्हा नवी सून होती. माझ्या आईचा धीर होत नव्हता, तर हिने घरातले सगळे देव टोपल्यात घातले आणि नदीत सोडून आली. पुढे पोरं आजारी पडली तरी तिने कधी कोणाकडून अंगारा आणला नाही. नागसेन म्हणाला, "त्या बाईनं शेवटच्या दिवशी भुताला घाबरून कपडे उलटे घातले, असं मी लोकांना सांगू? बाबा, त्यापेक्षा आजार बरा. आजाराची लाज नसते."

मला दोन्ही गोष्टी पटत नव्हत्या. ती वेडी नव्हती आणि ती भुताला घाबरणारी नव्हती. पण पोलकं उलटं होतं, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं.

पुढच्या रविवारी विहारात तिचं पुण्यानुमोदन, म्हणजे श्रद्धांजलीची सभा, होती. आजूबाजूच्या गावांतून समाज येणार होता. नागसेन तिथे बोलणार होता, आणि काय बोलणार हे त्याने ठरवलं होतं. आई मनाने आजारी होती, आमच्या लक्षात आलं नाही, तुमच्या घरात असं कोणी असेल तर मांत्रिकाकडे नेऊ नका, दवाखान्यात न्या. चांगलंच बोलणार होता. दोन-चार घरांना त्याचा फायदाही झाला असता. पण एकदा समाजापुढे पोटचा पोरगा बोलला की तेच खरं होतं. जमादाराचं लिहिणं ठाण्यात राहतं, पोराचं बोलणं गावात राहतं. नंतर मी गावभर फिरून नाही म्हटलं असतं तरी लोकांनी म्हाताऱ्याला बोलू दिलं असतं आणि मनात तेच ठेवलं असतं. रविवारच्या आत मला याचा उलगडा करायचा होता.

मी आठवायला लागलो की गोकुळा स्वतः हा शब्द कसा वापरायची. ती तो रोज वापरायची. वरणात दोनदा मीठ पडलं की म्हणायची, मले चकवा लागला. घोटच्या बाजारात पैशांचा हिशेब करताना मोड चुकली की तेच. नागसेनने एकदा आम्हा दोघांना ऊर्जानगरला नेलं होतं. तिथले सगळे क्वार्टर एकसारखे, रंगही एकच. ती दूध आणायला गेली आणि दुसऱ्याच कोणाच्या घरात शिरून त्यांच्या ओट्यावर भांडं ठेवून आली. परत आल्यावर हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, जंगलात नाई लागत एवढा चकवा इथी लागते, इथी कोणतं भूत आणून ठेवलं रे सरकारनं? नागसेनही हसला होता. तिने भुताचं नाव घेतलं ते चेष्टेनं. तिच्या बोलण्यात चकवा म्हणजे भूत कधीच नव्हतं. चूक झाली, ध्यानात आली, आता थांबून नीट बघू, एवढाच त्याचा अर्थ होता.

पण हे सगळं माझ्या मनातलं. नागसेनला ते पुरणारं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी गुणाबाई आली. ती ढिवराची म्हातारी, तलावातली मासोळी विकते आणि हंगामात पानं तोडते. गोकुळाची आणि तिची वीस-पंचवीस वर्षांची जोडी. त्या दिवशीही दोघी बरोबरच निघाल्या होत्या. गोकुळा पानांच्या मागे टेकडीकडे गेली, गुणाबाई नाल्याकडे. तेव्हापासून ती आमच्या घरी आली नव्हती. आता आली ती आंबिलीचं भांडं घेऊन, आणि दारातच नागसेनला म्हणाली, "काऊन रे बाबू, तू तुह्या मायले येडी म्हणून राह्यला म्हणते?"

नागसेनने तिला बसायला दिलं आणि शांतपणे आपलं म्हणणं सांगितलं. तिने ते सगळं ऐकून घेतलं.

"झालं बोलून?" ती म्हणाली. "आता माहं आयक. मांगच्या साली मले चकवा लागला होता. त्याच टेकडीमांगं. तीन खेपा एकाच मोहाखाली आली मी. रडाले लागली. तुह्या मायनं हाक आयकली अन् आली. मले म्हणे, पयले खाली बस. म्हटलं, बसतो कायले, मले घरी ने. तं म्हणे, बस, अन् पोलकं काढ."

नागसेन खाली बघायला लागला.

"लाजू नको, मी तं म्हातारी आहो. मीबी तिले म्हटलं, गोकुळे, तू तं भूत मानत नाई, मंग पोलकं कोणासाठी काढाले लावतं, अस्वलासाठी? तं हासली. म्हणे, भूतबित काई नाई गुणाबाई. पळनारा माणूस रस्ता पायत नाई. पोलकं काढाचं, उलटं कराचं, बटन लावाचे, लुगडं सोडाचं, नेसाचं, तेवढ्यात दम येते. हात कामाले लागले का डोकं थांबते. उठलं का मंग जंगल नवं दिसते. आमच्या आज्या भूत म्हणत, म्हणू दे. तू दम म्हण."

"आणि मग?" नागसेनने विचारलं.

"मंग काय, नेसली अन् उठली. अन् समोरच नाला. तीन खेपा त्याच्या बाजूनं गेली होती मी." भांडं नागसेनपुढे सरकवत ती म्हणाली, "सगळ्या पोरींना शिकवलं तिनं हे. तू इचार कोणालेबी. उलट्या पोलक्यानं गावात आली कोणी तं आमी हासतो, आज हिले लागला म्हणून. येडी नाई म्हणत."

मला वाटलं, आता तरी तो मानेल. पण माझा मुलगा कोणतीही गोष्ट अर्ध्यावर सोडणारा नाही, आणि ते त्याने आईकडूनच घेतलं आहे. तो म्हणाला, "बाई, तुम्ही उठलात आणि नाला दिसला. आई का नाही आली मग? तिनं कपडे उलटे केले, दम घेतला, सगळं केलं. तरी तिथेच बसून राहिली. डोकं ठिकाणावर असतं तर आली असती."

गुणाबाईने पदर तोंडाला लावला. माझी खात्री होती की या प्रश्नाचं उत्तर असलंच तर ते त्या टेकडीमागे आहे. मी नागसेनला म्हणालो, उद्या पहाटे चल. तिथे काही नाही मिळालं तर तू रविवारी काय बोलायचं ते बोल, मी आडवा येणार नाही.

लालसूला सोबत घेऊन आम्ही शनिवारी उजाडताना निघालो. तीन दिवस शोधताना याच जंगलातून आम्ही कितीदा गेलो होतो. पण तेव्हा आम्ही बाई शोधत होतो. तिने काय केलं असेल हे शोधत नव्हतो. बेहड्यापाशी पोचलो तेव्हा मी बुंध्याकडे बघितलं नाही, आजूबाजूला बघायला लागलो.

पहिली खूण नागसेनलाच दिसली. बेहड्यापासून हाकेच्या अंतरावर एका धावड्याच्या फांदीला तेंदूच्या पानांचं लहान पुडकं लटकत होतं. पानं वाळून तपकिरी झाली होती. हंगामात जंगलात अशी पुडकी कुठेही दिसतात, म्हणून शोधताना कोणी लक्ष दिलं नसेल. पण पानं तोडणारी बाई पुडकं गाठोड्यात ठेवते, फांदीला टांगत नाही. मी ते काढून बघितलं. पळसाच्या मुळीच्या वाकाने, म्हणजे दोरीने, बांधलेलं होतं, आणि गाठ गोकुळाची होती. ती डावखुरी होती, तिची गाठ उलट्या अंगाने पडायची. नागसेनने ते माझ्या हातातून घेतलं आणि उलटंपालटं करून बघितलं.

"आईनं टांगलं?"

"मंग कोणं?"

तिथून आम्ही मागे मागे जात राहिलो. थोड्या अंतरावर दुसरं पुडकं मिळालं, मग तिसरं. टेकडीला वळसा घातल्यावर खुणा विचित्र व्हायला लागल्या. इकडे एक, तिकडे एक. एका बिब्याच्या झाडाला दोन पुडकी टांगलेली होती, एकाखाली एक. लालसू डोकं खाजवायला लागला. मलाही काही सुधरेना. दोन खुणा एकाच झाडाला कशाला? पानं वाया घालवणारी बाई ती नव्हती.

नागसेन त्या झाडाखाली उभा राहिला. मग एक काडी घेऊन तो जमिनीवर रेघा ओढायला लागला. टेकडी इथे, नाला इथे, हे झाड इथे, ते झाड तिथे. लालसूला विचारून त्याने गावाची वाटही काढली. मी त्याला मध्ये बोललो नाही. वीज केंद्रात तो अशाच रेघा बघून कोळसा वाहणारा पट्टा कुठे अडकला ते शोधतो, असं त्याने एकदा मला सांगितलं होतं.

"ती गोल फिरली," तो म्हणाला. "हे पुडकं लावलं, चालत गेली, आणि परत इथेच आली. आपलंच पुडकं तिला दिसलं. मग तिनं खाली दुसरं लावलं. म्हणजे ती दुसऱ्यांदा इथे आली हे तिला समजलं होतं."

"चकवा लागला हे समजलं," मी म्हणालो.

तो झाडाखालची जमीन बघायला लागला. तिथे गवत दबलेलं होतं आणि पोलक्याचं एक बटन पडलेलं होतं. उलट्या पोलक्याचं बटन लावणं कठीण, काजं आतल्या अंगाला जातात. ते लावताना तुटलं असेल. नागसेनने ते उचललं. तिने कपडे बेहड्याखाली बदलले नव्हते. इथे बदलले होते.

मग तो उठला आणि पुन्हा बेहड्याच्या दिशेने चालायला लागला. आता तो भराभर चालत होता, एका पुडक्यापासून दुसऱ्या पुडक्यापर्यंत, आणि प्रत्येक ठिकाणी मागे वळून बघत होता. लालसू आणि मी त्याच्या मागे. बेहड्यापाशी पोचल्यावर तो थांबला नाही. त्याच रेघेत पुढे गेला. झुडपं होती, उतार होता, आणि उतार संपला तिथे बैलगाडीची चाकोरी लागली. आमच्या गावाची वाट. तिथून आमच्या शिवारातलं चिंचेचं झाड दिसत होतं.

नागसेन वाटेच्या मधोमध उभा राहिला. मी पोचलो तेव्हा त्याला धाप लागली होती.

"बाबा," तो म्हणाला, "इथून मागं सगळ्या खुणा सरळ आहेत. एकही वाकडी नाही. कपडे बदलल्यावर ती एकदाही चुकली नाही."

"चकवा सुटला होता तिचा."

"सुटला होता," तो म्हणाला.

तो रडला ते तिथे. मीही थोडा रडलो. लालसू आमच्याकडे पाठ करून विडी ओढत बसला. मग तो म्हणाला की टेकडीच्या मागच्या अंगाला थेंबभर पाणी नसतं, नाल्यातला डोहही होळीच्या आधी आटतो. धडधाकट माणूसही त्या उन्हात दीड दिवस पाण्याशिवाय चालला तर बसतोच. गोकुळा बरोबर वाटेवर होती. सावली बघून दम खायला बसली, आणि उठायची ताकद राहिली नाही. नागसेनच्या प्रश्नाचं उत्तर हे होतं. तिला रस्ता सापडला होता. पाणी सापडलं नव्हतं.

रविवारी विहार भरला होता. त्रिशरण-पंचशील झालं. वामनराव अध्यक्ष होते. ते निवृत्त मास्तर, आमच्या समाजातले मानाचे माणूस, माझ्याहून मोठे. नागसेन बोलायला उभा राहिला. आईने देव नदीत सोडले ते त्याने सांगितलं, त्याच्या शिक्षणासाठी ती काय करायची ते सांगितलं. मग म्हणाला, माझ्या आईला जंगलात चकवा लागला, तिने तो ओळखला, तो सोडवला, आणि गावाच्या वाटेवर असताना ऊन लागून ती गेली. पोलिसांना मी वेगळं सांगितलं होतं. ते चूक होतं.

सभेत चुळबुळ झाली. वामनराव नरम आवाजात म्हणाले की तुझं दुःख मी समजतो, पण विहारात हा शब्द नको. लोक काय समजतील? आपण हे सगळं सोडून तीस वर्षं होत आली.

नागसेनने माझ्याकडे बघितलं. मला सभेत बोलायची सवय नाही. पण मी उठलो.

"वामनराव," मी म्हणालो, "भ्रमिष्टाले आपलं डोकं फिरलं हे समजत नाई. चकवा लागलेल्याले समजते. समजते म्हणूनच तो बसते, कपडे उलटे करते, खुणा लावते. भूत कोणाच्या ध्यानीमनी नाई. गोकुळाले समजलं होतं. तिच्यासाठी दुसरा शब्द मी घेणार नाई."

वामनराव म्हणाले, "तुझं बरोबर असेल, लहानू. पण याला दुसरा चांगला शब्द नाही का?"

मागून, बायांच्या बाजूने, गुणाबाई बोलली. "असंन तं तुमीच सांगा गुरुजी. तुमाले शाळेत जाता जाता लागला होता तवा काय म्हणत होते?"

बाया हसल्या. वामनरावांना शेतातून शाळेत जाताना एकदा चकवा लागला होता आणि ते दुपारपर्यंत तुरीच्या वावरात फिरत होते, हे अख्ख्या गावाला माहीत आहे. वामनरावही हसले. पुण्यानुमोदनात हसू नये, पण लोक हसले, आणि गोकुळा असती तर तीच आधी हसली असती. वामनराव म्हणाले, राहू द्या, आहे तोच राहू द्या. नंतर त्यांनी स्वतःच्या भाषणात तो शब्द एकदा वापरला, जरा थांबून, पण वापरला.

आता गावात कोणी गोकुळाला वेडी म्हणत नाही. ठाण्यात जाऊन मी कागदावरचा शब्द बदलायला सांगितला. तो जमादार बदलून गेला होता. नवा म्हणाला, कागद वर गेला. मी परत आलो. त्या कागदाचं मला आता एवढं वाटत नाही. तो वाचणारे तिला ओळखत नव्हते.

वाटतं ते पाण्याचं. पानं तोडायला बाया त्या टेकडीमागे पुढच्या हंगामातही जाणार, आणि चकवा कोणालाही लागू शकतो. कपडे उलटे करणं त्यांना येतं. त्यापुढे वाटेवर पाणी असायला हवं. नागसेनने दिवाळीला येऊन घोटच्या कुंभाराकडून मोठा रांजण आणला आणि बाया पाळीपाळीने भरतील असं गुणाबाईने ठरवून टाकलं. रांजण माझ्या अंगणात आहे. चाकोरीपासून बेहड्यापर्यंत झुडपं साफ केल्याशिवाय बैलगाडी तिथे जात नाही, आणि ती साफ करायला मला अजून जमलेलं नाही. बेहड्याखाली पाणी ठेवायचं राहिलं आहे.